पाठवलेल्या पुस्तकांविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी सध्या काय वाचते, असे बाबांनी विचारले होते. मार्क लेव्हिन्सन यांचे २००६ सालचे ‘द बॉक्स’ आजच टपालाने पाठवले आहे. मालवाहू कंटेनरचा हा इतिहास उद्योगधंद्यांवरील पुस्तकांत मला सर्वांत मोलाचा वाटतो.

२६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल-एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. सुटा माल चढवायला तेव्हा टनामागे ५.८३ डॉलर पडत. या जहाजावर तोच खर्च सोळा सेंटांच्या आत आला. परंतु पेटी बनवणे हा सोपा भाग होता. तिच्यासाठी क्रेन, ट्रक, धक्के, पेट्यांची मापे आणि कामगारांशी असलेले करार असे सारेच बदलावे लागले, आणि त्यात कोणाची रोजीरोटी गेली हेही लेखक झाकून ठेवत नाहीत. बाबा, तुम्ही टॅली क्लार्क म्हणून गोदीत उभे राहून पोती मोजलीत आणि १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाल्यावर कंटेनरचा ओघ तिकडे वळलेला पाहिलात, त्यामुळे न्यूयॉर्क आणि लंडनच्या गोद्यांवरील प्रकरणे तुम्हाला माझ्याहून अधिक कळतील.

जिम कॉलिन्स यांचे ‘गुड टू ग्रेट’ मुद्दाम पाठवलेले नाही. २००१ साली त्यांनी आदर्श ठरवलेल्या अकरा कंपन्यांपैकी सर्किट सिटीचे २००८ मध्ये दिवाळे निघाले; यश आधी पाहून मग त्याची कारणे शोधणाऱ्या लेखनावर माझा विश्वास बसत नाही.

आई, तुझ्यासाठी आर्थर क्लार्क यांची १९७३ ची ‘राँदेव्हू विथ रामा’ ही विज्ञानकादंबरी आहे. पन्नास किलोमीटर लांबीचे, स्वतःभोवती फिरणारे एक पोकळ नळकांडे सूर्यमालेत शिरते आणि त्याच्या आतल्या भिंतीवर कड्यासारखा गोल समुद्र असतो. त्याचा उत्तरेकडचा किनारा पन्नास मीटर उंच, तर दक्षिणेकडचा पाचशे. हे नळकांडे म्हणजे एक यानच; ते उत्तरेच्या दिशेने वेग घेऊ लागले की पाणी दक्षिणेकडे चढणार, म्हणून तिकडचा किनारा इतका उंच, असा तर्क पात्रे लढवतात. पात्रे फिकी आहेत, हे मान्य. पण तू वर्गात जडत्व शिकवायचीस तेच इथे कथानक पुढे नेते. वाचून झाल्यावर पाचशे मीटरचे गणित तुला पटते का, ते सविस्तर कळव.

तुमची,
मीनल