उजवा खांदा, कागदावर डावा

संपादक साहेब,
आमचा भाऊ सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतो, उजवा खांदा असा धरलाय की सदऱ्याची बाही घालायला दुसरं माणूस लागतं. सोनोग्राफीत टेंडनला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) सूज अन् त्यात कॅल्शियम साठलेलं, म्हणजे आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक यादीतला कोड एम ७५.३, पण डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘खांदेदुखी’, कोड एम २५.५, आणि एका कागदावर तर चक्क डावा खांदा! मग विम्याचा क्लेम अडकणारच की. दुखणं हे लक्षण झालं, आजार नव्हे, हे डॉक्टरांना काय आपण सांगायचं? पण फाईल भरतं काउंटरवरचं पोरगं. कुठली बाजू, कुठला टेंडन, कधीपासून, एवढं तरी डॉक्टरांनी स्वतः लिहावं आणि पेशंटनी कार्ड तिथंच वाचून घ्यावं, आम्ही घरी येऊन वाचलं.
– एक वाचक, सांगली