एकट्या माणसाला बसवून घेणारी उपाहारगृहं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण पुण्याच्या पेठांमधल्या खाण्याच्या ठिकाणांची यादी दिलीत. चहा निवेपर्यंत दोनदा वाचली. बहुतेक ठिकाणं माझ्या पायाखालची आहेत, निवडही चांगली आहे. पण प्रत्येक नावापुढे आपण ‘दोघांचा खर्च’ छापला आहे, आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून बाहेर खाते ती एकटीच, आणि त्याआधी नोकरीतही बहुतेक एकटीनंच खाल्लं. यादी करताना आमच्यासारख्यांचा विचार कुणाच्या मनात आला नसावा, म्हणून मला माहीत आहे तेवढं कळवते.

मी १९७२ साली टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले आणि २०११ साली निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये गेली. आम्हाला ‘स्प्लिट ड्यूटी’ असायची, म्हणजे सकाळी काही तास आणि मग एकदम संध्याकाळी. मधल्या वेळात घरी जाऊन परत येणं अनेकींना जमायचं नाही. डबा सकाळीच संपलेला. मग बाहेर खाणं आलं.

त्या काळी एकटी बाई हॉटेलात शिरली, की पोऱ्या विचारायच्या आधीच ‘फॅमिली रूम’कडे बोट दाखवायचा. प्लायवूडचे कप्पे, पुढे पडदा, आत पंखा नाही. फॅमिली कुठली, मी एकटीच! पण बाहेरच्या टेबलावर बसले तर लोक काय म्हणतील, ही भीती त्यालाही आणि मलाही. तीन-चार वर्षं मी त्या पडद्याआड बसून खाल्लं. काय खाल्लं ते आज आठवत नाही, पडद्याचा वास मात्र आठवतो.

ही सवय सुटली ती मुंजाबाच्या बोळात, बेडेकरांच्या मिसळीच्या उपाहारगृहात. तिथे फॅमिली रूम करायला जागाच नव्हती. आत गर्दी, दारात गर्दी, आणि दिसेल त्या जागी बसायचं अशी रीत. माझ्यासमोर एक गृहस्थ बसले होते, बहुधा लक्ष्मी रोडच्या एखाद्या दुकानातले. त्यांनी मान वर न करता आपली बशी दोन बोटं अलीकडे ओढून घेतली आणि मला जागा झाली. एवढंच. कुणी काही विचारलं नाही, कुणी बघितलं नाही. त्या दिवशीची मिसळ मला आजही जिभेवर आठवते. खाली पोहे, बटाट्याची भाजी, वर शेव, आंबटगोड रस्सा. रस्सा संपला की ‘सँपल’ म्हटलं की पुन्हा यायचं. तिखटाच्या जोरावर नाव काढणारी मिसळ ही नव्हे. बाहेरगावचे पाहुणे म्हणतात, यात झणका नाही. नसू दे. पन्नास वर्षं खाऊनही माझं पोट कधी बिघडलं नाही.

वैद्यांकडच्या मिसळीची तऱ्हा वेगळी. फडके हौदाच्या चौकातलं हे उपाहारगृह शंभरी ओलांडून पुढे गेलेलं. रस्सा लाल नाही, हिरव्या मिरचीचा आणि आल्याचा. आधी जिभेला काही कळत नाही, मग घशात हळूहळू ऊब चढते. बोहरी आळीत काही आणायला गेले, की मी येताना तिथे थांबते. पिशव्या पायाशी ठेवायच्या, समोर कोण बसलंय त्याच्याकडे एकदा बघून मान हलवायची आणि खायला लागायचं. अनोळखी माणसाबरोबर एका टेबलावर बसण्याचे आमच्या पेठांमध्ये न लिहिलेले नियम आहेत. पाण्याचं भांडं दोघांच्या मधे ठेवायचं. समोरच्याची बशी आधी आली तर त्याने आपल्यासाठी थांबायचं नाही. आणि खाणं झाल्यावर, दारात माणसं उभी असतील तर, बसून राहायचं नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, बसून बसून आलं.

चहाचं सांगायचं तर अमृततुल्यात, म्हणजे आमच्याकडच्या चहाच्या दुकानात, उभं राहून चहा पिणं हे माझ्या तरुणपणी बायकांचं काम नव्हतंच. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी ही दुकानं पुण्यात मांडली. सोन्या मारुती चौकातलं आद्य अमृततुल्य १९२४चं. बाकीच्या बऱ्याच दुकानांना देवांची नावं. उंच ओट्यावर मालक मांडी घालून बसलेले, पुढे पितळी पातेलं, त्यात दूध, पाणी, साखर एकत्र उकळतेय, बाजूला खलबत्त्यात आलं-वेलदोडा कुटण्याचा आवाज. सकाळच्या ड्यूटीनंतर मी आणि माझी एक मैत्रीण पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही फुटपाथवरच थबकलो. मालकांनी पातेल्यातून नजर न काढता दोन कप पुढे सरकवले. पुढे आमचे चेहरे ओळखीचे झाले आणि मागावंही लागेना. आज तरुण मुली तिथे निवांत उभ्या राहून चहा पिताना दिसतात. मला ते बघून फार बरं वाटतं.

पूना गेस्ट हाऊस आपल्या यादीत आहे, त्याचा आनंद झाला. मूकपटांच्या काळातले चित्रपट निर्माते नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली ते सुरू केलं, आणि सिनेमा-नाटकाची मंडळी तिथे उतरत. मी १९७ वर, म्हणजे नंबर चौकशीला होते, तेव्हा त्यांचा नंबर बाहेरगावचे लोक इतके विचारत, की मला तो न बघता सांगता येई. तिथलं थालीपीठ आणि साबुदाणा वडा अजून माझ्या आवडीचे. जिना मात्र आता गुडघ्यांना जड जातो. यादीत ‘पहिला मजला’ एवढे दोन शब्द घातलेत तर माझ्या वयाच्या वाचकांची सोय होईल.

कुमठेकर रोडच्या स्वीट होममध्ये मी यजमानांबरोबर जायची. तिथे इडली-सांबारावर शेव घालून देतात. यजमान सांगलीचे. सांबारावर शेव हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही, आणि दर शनिवारी मागवायचे मात्र तेच. ते गेल्यावर वर्षभर मी त्या रस्त्याने जायचं टाळलं. मग एका शनिवारी गेले, इडली मागवली आणि शेवेसकट सगळी खाल्ली. तिथे बसून डोळ्यांत पाणी आलं तर समोरच्या अनोळखी बाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आता बादशाहीविषयी, कारण खरं तर तिथल्याच एका प्रसंगामुळे मला हे लिहावंसं वाटलं. टिळक रोडवरचं बादशाही बोर्डिंग १९३०च्या दशकापासूनचं. पोळी, दोन भाज्या, आमटी, भात, कोशिंबीर. घरी असतं तसं, आणि आता माझ्या घरी एकटीसाठी होत नाही तसं. एकट्या माणसासाठी दोन भाज्या, आमटी आणि कोशिंबीर कोण करतं? अर्धी वाटी डाळ शिजवली तरी दुसऱ्या दिवशी तीच खावी लागते. तिथे नाव लिहून द्यायचं आणि हाक येईपर्यंत थांबायचं. चार जणांच्या कुटुंबाला बराच वेळ थांबावं लागतं, एका माणसाची जागा कुठेतरी लवकर निघते.

गेल्या पावसाळ्यात माझ्यासमोर एक मुलगी येऊन बसली. परभणीकडची. स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं घेऊन राहते, दिवसभर अभ्यासिकेत असते. ताट आलं तरी ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. मग हळूच म्हणाली, “आजी, तुम्ही एकट्याच येता?”

म्हटलं, “हो. का गं?”

“मी आज पहिल्यांदाच आलेय. दीड वर्ष झालं पुण्यात येऊन. मेसचा डबा खोलीवर आणून खाते. एकटीनं बसलं की सगळे बघताहेत असं वाटतं.”

मी तिला म्हटलं, “मान वर करून एकदा बघ बरं, कोण बघतंय ते.” तिनं बघितलं. सगळे पोळी मोडत होते. तिनं मोबाइल पालथा ठेवला. आमटी दोनदा मागून घेतली.

पडदा लावलेली फॅमिली रूम केव्हाच गेली, पण ही मुलगी कॉटवर बसून डबा खाते तेव्हा ती त्याच पडद्याआड बसलेली असते. आमच्या पेठांमध्ये अशा शेकड्यांनी मुली आणि मुलं आहेत. गावाकडून आलेली, महिन्याचे पैसे मोजून आणलेले, घरचं जेवण आठवणारी. आणि आमच्यासारखी म्हातारी माणसं आहेत, ज्यांची मुलं परगावी किंवा परदेशी. आपली पुरवणी आम्हीही वाचतो. ‘दोघांचा खर्च’ वाचून आम्हाला वाटतं, ही ठिकाणं आपली नव्हेत.

हे केवळ वाटणं नाही. आमच्याच भागात नव्यानं उघडलेल्या एका मोठ्या उपाहारगृहात मी दिवाळीनंतर गेले होते. अर्धी टेबलं रिकामी होती. दारातल्या मुलानं मला विचारलं, “बाकीचे येताहेत ना?” मी म्हटलं, मीच आहे. त्यानं आत जाऊन विचारून येतो म्हटलं, आणि आल्यावर सांगितलं की चार जणांचं टेबल एकाला देता येत नाही, थोडा वेळ बाहेर थांबा. मी म्हटलं, मग समोर कुणालाही बसवा, माझी काही हरकत नाही. तो म्हणाला, “आमच्याकडे तसं बसवत नाहीत, मॅडम.” मुलगा नम्र होता, त्याचा दोष नाही. मी वीस मिनिटं थांबले आणि घरी येऊन वरणभात लावला. जुन्या उपाहारगृहांमध्ये जागा याच्या निम्मीही नाही, तरी तिथून मला कधी परत जावं लागलं नाही.

म्हणून माझी विनंती अशी. पुढची यादी कराल तेव्हा एका माणसाचा खर्च छापा. एकट्या माणसाला कुठे बसवून घेतात, अनोळखी लोकांना एका टेबलावर कुठे बसवतात, अर्धी प्लेट कुठे मिळते, जिना किती पायऱ्यांचा आहे, हे आपल्या प्रतिनिधीला विचारून घ्यायला सांगा. प्रतिनिधीनं शक्यतो एकट्यानं जावं, आणि एकदा तरी दुपारी बारा ते एकच्या गर्दीत जावं. मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झाल्यापासून पिंपरीची माझी भाचीही एकटीच सकाळी नाश्त्याला पेठेत येते. तिच्यासारख्यांनाही उपयोग होईल.

आणखी एक दुरुस्ती. यादीत बेडेकरांच्या नावापुढे ‘मिसळ-पाव’ छापलंय. तिथे मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस देतात. कृपया पुढच्या अंकात तेवढं दुरुस्त करावं.

आपली नम्र,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
नारायण पेठ, पुणे ३०