ब्रेकचं तेवढं बघ

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी "बाबा, माझं मी बघते" म्हणून तू फोन ठेवलास, तेव्हाच ठरवलं होतं की गाडीचा विषय आता काढायचा नाही. चार दिवस काढले कसेबसे.

गाडी तपासणीत नापास झाली म्हणून तू वैतागलेली, आणि मी विचारलं काय, तर "शेवटचं सर्व्हिसिंग कधी केलंस?" चुकलंच माझं. पण त्या गॅरेजवाल्याने अकरा कामांची यादी हातात दिली, हे काही डोक्यातून जात नाही. गाडी नापास कशामुळे झाली आणि "करून घेतलेलं बरं" यातलं काय, हे त्याच्याकडून वेगवेगळं लिहून घे. एसीच्या फिल्टरपायी कुणाची गाडी नापास होत नाही. जमलं तर फक्त तपासणी करणारं, दुरुस्ती न करणारं ठिकाण शोध. गाडी नापास करून त्यांना काही मिळत नसतं.

ब्रेकचं मात्र तो खरं सांगत असेल. पॅड संपलेत म्हणाला तर चाक काढून दाखव म्हणावं. नवं पॅड साधारण १०-१२ मिमी जाड असतं, ३ वर आलं की बदलायचं. जुने पॅड मागून घे. चांगला मेकॅनिक ते न मागता समोर ठेवतो. टायरची खाच १.६ मिमी खोल असली तरी बहुतेक ठिकाणी कायद्याला चालते, पण ओल्या रस्त्यावर तेवढी खाच काही कामाची नाही, आणि तू रात्रपाळीहून एकटी...

झालं सुरू माझं. गेल्या वर्षी भर पावसात तू एकटीने चाक बदललंस, ते सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्यांना मी सांगून झालंय, काहींना दोनदा. तुला शिकवायला नकोच.

पण एक सांगतो. आपली निळी गाडी आठवते? तू चार वर्षांची होतीस. आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याने गाडी वर उचलून न बघताच पास केली होती. "तुमची गाडी म्हणजे काय, घरचीच!" मी खूश, पैसे वाचले, वेळ वाचला. आठवड्याने घाट उतरताना पेडल मऊ लागलं, मग पार खाली गेलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा धरतं आणि जुनं झालं की लवकर उकळतं, मग पेडल दाबून ब्रेक लागत नाही. दोन वर्षांनी बदलायचं असतं, आपलं कधी बदललं होतं देव जाणे. पहिला गियर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या खडीच्या ढिगात घातली. मागे आईच्या मांडीवर झोपलेली तू उठून म्हणालीस, "आलं आजीचं घर?"

आईला मी सांगितलं, इंजिन तापलंय, जरा थांबू. तिला अजून तेच ठाऊक आहे.

म्हणून म्हणतो, जास्त पैसे घेणाऱ्याची मला तेवढी भीती नाही. न बघता पास करणारा भेटला, तर तिथून नीघ. तो कितीही गोड बोलला तरी.

पैशांची अडचण असली तर सांग. भाऊला सांगू नकोस, तो मला हसेल.

गाडीचं काय झालं ते कळव. आणि ब्रेक ऑइल कधी बदललं होतंस... असू दे. तू बघशील.

बाबा