चिपळूणच्या मित्राला, कामाला सुरुवात करण्याआधी

कऱ्हाड,
रविवार रात्र

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू सांगितलंस की नोकरी सोडली आणि आता चिपळूणातच कॅमेरे, वायफाय, टीव्ही बसवायची कामं घेणार, तेव्हा मी नुसतं "भारी" म्हणालो आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला, ते तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. चौदा वर्षं हेच काम करतोय मी, आणि मला सुरुवातीला सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून आज बसून लिहितोय, आठवेल तसं, क्रम लागणार नाही, सांभाळून घे.

सगळ्यात आधी वायरचं. कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका बंगल्याचं काम घेतलं, नवं बांधकाम, मालक रिटायर मास्तर, पैसे मोजून खर्च करणारे. मी दुकानातून स्वस्त पडली म्हणून जी कॅट सिक्स, म्हणजे नेटवर्कची आठ तारांची वायर, घेतली ती तांब्याची नव्हतीच, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, ज्याला आपण सीसीए म्हणतो ती. सुरुवातीला सगळं छान चाललं. वर्षभरात एकेक कॅमेरा रात्री बंद पडायला लागला, म्हणजे इन्फ्रारेडचे दिवे लागले की करंट जास्त खेचला जातो आणि या वायरीत व्होल्टेज उतरतं, आणि मी आपला कॅमेरेच बदलत बसलो. शेवटी खरं कारण कळलं तेव्हा सगळी वायर ओढून नवी टाकली, स्वतःच्या खर्चाने. दोन पाइपांत जुनी वायर अडकली आणि मास्तरांच्या रंगवलेल्या भिंतीला झिरी मारायला लागली. ते एक शब्द बोलले नाहीत. ते न बोलणं मला अजून आठवतं.

तेव्हा वायर घेताना दुकानदारासमोरच टोक सोलायचं आणि ब्लेडने तार खरवडायची, आत पांढरी दिसली की परत करायची. खरी तांब्याची 305 मीटरची पेटी उचलतानाच जड लागते. राउटर चार-पाच वर्षांनी बदलतो, कॅमेरा बदलतो, टीव्ही तर बदलतोच, पण भिंतीतली वायर पंधरा-वीस वर्षं तिथेच राहणार आहे. लोक भाव करतात तो कॅमेऱ्याचा करतात, वायरचा कोणी विचारत नाही, म्हणून तर तिथे आपणच इमान राखायचं.

जॅक मारताना कलर कोड एकच धर आणि जन्मभर तोच ठेव. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ गरजेपुरताच सोडायचा, अर्ध्या इंचापेक्षा जास्त नाही. आणि एक खूण सांगतो, ही तुला शंभरदा उपयोगी पडेल. गिऱ्हाईक म्हणेल प्लॅन 300 एमबीपीएसचा आहे पण स्पीड 94-95 च्या पुढे जातच नाही. कंपनीला फोन लावायच्या आधी वायर बघ. 100 चा स्पीड दोनच जोड्यांवर चालतो, गिगाबिटला, म्हणजे 1000 च्या स्पीडला, चारही लागतात, तेव्हा निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी तुटली असणार किंवा जॅकमध्ये नीट बसली नसणार. टेस्टरवर 4, 5, 7, 8 चे दिवे बघ. मी या एका गोष्टीवर किती घरांत पाच मिनिटांत चहा मिळवलाय!

आता तुझ्या कोकणाचं. इकडचे नियम तिकडे तसेच चालत नाहीत हे मला तुझ्याकडे आलो तेव्हा कळलं.

तुमच्याकडचा पाऊस म्हणजे वरून पडतो तसा आडवाही येतो, त्यामुळे भिंतीला भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला उतरतं पाड, आणि वायर आत शिरण्याआधी खाली एक झोळ दे, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत त्या झोळावरून खाली गळून जाईल, घरात येणार नाही. बाहेर काळी, उन्हातली वायरच वापर, ती पांढरी-करडी घरातली वायर दोन उन्हाळ्यांत तडकते. बाहेरच्या डब्याची भोकं सिलिकॉनने बंद कर, नाहीतर पाली, मुंग्या घर करतात आणि जॅकच्या पिना हिरव्या पडतात. आणि शक्यतो बाहेर अॅडॉप्टर ठेवूच नको, पीओई स्विच घरात ठेव, एकाच वायरीतून पॉवर आणि व्हिडिओ दोन्ही जाऊ दे, मग एका छोट्या यूपीएसवर सगळे कॅमेरे चालतात. वानरं वायरीला लोंबकळतात हे तूच मला दाखवलं होतंस, तेव्हा झाडावरून झाडावर वायर टाकायचा मोह नको, जमिनीतून पाइप टाक.

जांभ्याच्या भिंतीत टीव्ही लावताना घाई करू नकोस. जांभा सच्छिद्र, कुठे टणक तर कुठे हाताने भुगा होईल असा, साधा गट्टू, म्हणजे स्क्रू धरणारी प्लास्टिकची खुंटी, फिरत राहतो. आधी बारीक बिटने, हॅमर बंद करून भोक पाड, भुगा किती आणि कसा येतो बघ, मग मोठं बिट आणि लांब गट्टू, आणि भोकातली धूळ फुंकून काढल्याशिवाय गट्टू ठोकू नको. नवीन बिल्डिंगांत सिपोरेक्सच्या हलक्या, सच्छिद्र विटा असतात तिथेही हेच, त्याचे वेगळे नायलॉनचे लांब अँकर मिळतात. ब्रॅकेट बसवलं की आधी स्वतः दोन्ही हातांनी खाली ओढून बघ, मगच टीव्ही चढव. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली ड्रिल कधीच लावायचं नाही, पाइप तिथूनच गेलेला असतो.

विजेचं मात्र नीट ऐक. मल्टिमीटर खिशात असल्याशिवाय कुठल्याही घरात काही लावू नको. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. फेज-अर्थ भलतंच काही दाखवत असेल तर अर्थिंग नाहीच असं समज. जुन्या कौलारू घरांत तीन पिनांचा बोर्ड असतो आणि अर्थची वायर मागे कुठेच जोडलेली नसते. तिथे वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्या असं स्पष्ट सांगायचं, आपण खटपट करायची नाही. न्यूट्रल ढिला असेल तर व्होल्टेज 300 च्या वर जाऊन घरातलं सगळं जळू शकतं, आणि नाव येतं शेवटी हात लावलेल्या माणसाचं.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कशा पडतात तुला माहीतच आहे. घरापासून गोठ्यापर्यंत किंवा वाडीच्या फाटकापर्यंत तांब्याची लॅन केबल टाकलीस तर ती विजेला वाटच करून दिल्यासारखं आहे, शिवाय 100 मीटरच्या पुढे ती चालणारही नाही. तिथे फायबर टाक, दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरचा प्रकाश लॅनच्या सिग्नलमध्ये बदलणारा डबा. बाहेरून घरापर्यंत येणाऱ्या फायबरच्या ड्रॉप केबलमध्ये आधाराची स्टीलची तार असते ती घराबाहेरच कापून थांबव, आत आणू नको. फायबरच्या हिरव्या कनेक्टरच्या टोकाला निळं टोक जोडू नको, बसतं पण सिग्नल पडतो. आणि चालू फायबरच्या टोकात डोळा लावून बघायचं नाही, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करतो.

आणि पूर. 22 जुलै 2021 तू स्वतः माळ्यावर बसून काढलास, मी काय सांगू. पण काम घेतलेल्या प्रत्येक घरात विचार, पाणी कुठपर्यंत आलं होतं? बऱ्याच घरांत भिंतीवर ती रेघ अजून दिसते. एनव्हीआर (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगचा डबा), स्विच, राउटर सगळं त्या रेघेच्या वर. लोक म्हणतील टीव्हीखाली कपाटात ठेवा, दिसायला बरं दिसतं, तरी तू वरच लाव.

तुझ्याकडे मुंबईच्या चाकरमान्यांची कामं जास्त येतील, गणपतीच्या आधी तर रांग लागेल. मुलगा मुंबईत, घरात म्हातारे आई-बाप एकटे किंवा घर बंदच, त्याला मोबाइलवर घर बघायचं असतं. तिथे दोन गोष्टी सांभाळ. एक म्हणजे पासवर्ड. बॉक्सवर छापलेला डिफॉल्ट तसाच सोडायचा नाही. 2016 साली मिराई नावाच्या व्हायरसने असेच डिफॉल्ट पासवर्डचे कॅमेरे आणि डीव्हीआर जगभरात लाखांनी काबीज केले होते. पासवर्ड मालकाला स्वतः टाकायला सांग, तू तोंड फिरवून उभा राहा, आणि अॅपमधून स्वतःचं अकाउंट काढूनच घर सोड. दुसरं, कॅमेरा न्हाणीघराच्या वाटेवर किंवा शेजाऱ्याच्या ओटीवर जात नाही ना हे चालू चित्र बघून तपास. घरातल्या बाईमाणसांना विचार, इथे कॅमेरा चालेल का? मुलगा मुंबईहून हो म्हणतो पण रोज त्या अंगणात वावरणारी त्याची आई असते.

रेकॉर्डिंगचा हिशोब आधीच कागदावर लिहून दे. एक कॅमेरा 4 एमबीपीएसवर ठेवला तर दिवसाला 43 जीबी होतात, चार कॅमेऱ्यांना 1 टीबीची डिस्क जेमतेम सहा दिवस पुरते. एच 265 वर, म्हणजे व्हिडिओ जास्त दाबून साठवणाऱ्या पद्धतीवर, 2 एमबीपीएस ठेवलं तर अकरा-बारा दिवस. "महिनाभराचं रेकॉर्डिंग मिळेल" असं तोंडाने सांगून मोकळं होणारे खूप आहेत, आणि चोरी झाल्यावर त्या मालकाला कळतं की काहीच उरलेलं नाही.

वायफायला फार नियम नाहीत, घरभर मोबाइल घेऊन चाल आणि बघ. राउटर टीव्हीच्या मागे, चपलांच्या रॅकमध्ये, फ्रिजवर नको. 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवर 1, 6 किंवा 11 हेच चॅनेल. जांभ्याच्या जाड भिंती असतील तर रिपीटर विकू नकोस, वायर टाकून दुसरा अॅक्सेस पॉइंट लाव.

नव्या बांधकामावर प्लास्टरच्या आधी सगळ्या पाइपांचे फोटो काढ, भिंतीला टेप लावून, म्हणजे माप फोटोत येईल. एक संच मालकाला दे. आणि वायरीच्या दोन्ही टोकांना नाव लिही, "गेट", "ओटी", "मागचं दार". सात वर्षांनी मी एका घरात गेलो, बॉक्स उघडला, सगळ्यावर माझ्याच अक्षरात नावं. दहा मिनिटांत काम झालं आणि त्या घरच्या आजी म्हणाल्या, तू आमच्या घराची काळजी घेतलीस. त्या दिवशी पैसे नाही घेतले मी.

पैशाचं म्हणशील तर सामानाचे पैसे आधी, मजुरी काम झाल्यावर, आणि अंदाजपत्रक लेखी. ओळखीत तर नक्कीच लेखी. यात लाज नको.

शिडी अजून घेतली नसशील तर घेऊ नकोस. अॅल्युमिनियमची तर नकोच, तुमच्याकडे सर्व्हिस वायरी किती खालून जातात. माझ्याकडे फायबरग्लासची आठ फुटी आहे, मी नवी घेतलीय, ही बुधवारी कुंभार्ली घाटातून टेम्पो येतोय त्यात टाकतो. जोडीला जॅक दाबून बसवायचा जुना क्रिंपर आणि टेस्टर पाठवतो, टेस्टरचा सातवा दिवा कधी कधी उशिरा लागतो, तेवढं लक्षात ठेव. पहिलं मोठं काम मिळालं की सांग, रविवारी येतो, दोघं मिळून करू. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव, वहिनींना नमस्कार.

तुझाच,
कऱ्हाडकर