रविवारची बैठक : केमिस्ट्री शिकून पुढे काय?

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ८ वाजता वाचनालयाच्या ओसरीत बैठक आहे. कापूस वेचणीचे दिवस आहेत, म्हणून तासाभरात आटोपू.

"केमिस्ट्री घेऊन पोट्टं मास्तरच होणार ना?" असा प्रश्न मागच्या बैठकीत आला होता. (मास्तर होण्यात वाईट काय, हे वेगळंच.) त्यासाठी या वेळी डॉ. अंजी रेड्डी यांची वाटचाल पाहू. हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा हा मुलगा. मुंबईत शिक्षण, १९६९ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून पीएच.डी., मग हैदराबादला आयडीपीएल या सरकारी औषध कंपनीत नोकरी आणि १९८४ मध्ये 'डॉ. रेड्डीज' या औषध कंपनीची स्थापना.

प्रयोगशाळा आणि कारखाना यांतला फरकही समजून घेऊ. काचेच्या चंबूत ग्रॅमभर बनणारं औषध कारखान्यातल्या मोठ्या भांड्यात, म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये क्विंटलाने बनवताना आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. तिथेच खरी कसोटी लागते.

बारावी आणि बी.एस्सी.च्या मुलामुलींना सोबत आणावे. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षेतून संशोधनासाठी मिळणाऱ्या फेलोशिपचीही (विद्यावेतनाचीही) माहिती देऊ. वीज नसली तरी बैठक होईल.

— सचिव