भिडे वाड्याच्या स्मारकात जागा देणाऱ्यांचीही नावं हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बुधवार पेठेतल्या भिडे वाड्याच्या जागेवर होणाऱ्या स्मारकाबद्दल थोडं लिहायचं आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती याच वाड्यात. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, वर्गातल्या मुलींना दगडूशेठ गणपतीसमोर रस्त्याच्या कडेला उभं करून तो वाडा दाखवायचे. आत नेता येत नसे. खाली दुकानांच्या पाट्या, वर मोडकळीला आलेलं लाकूडकाम. मुली हमखास विचारायच्या, "बाई, पण शाळा कुठंय?"

या प्रश्नाचं उत्तर नव्या स्मारकात मिळायला हवं. शाळेसाठी म्हणून तो वाडा कुणी बांधलेला नव्हता. ते राहतं घर होतं. जुन्या पेठांतले वाडे ज्यांनी पाहिलेत त्यांना ती बांधणी ठाऊक आहे. खाली दगडी जोतं, त्यावर खांब आणि तुळयांचा सांगाडा, आणि मधल्या जागेत विटांचं काम. विटा आजच्यासारख्या जाड नव्हेत, चपट्या, जेमतेम दोन बोटं उंचीच्या. घराचा भार लाकडावर असतो, त्यामुळे गिलावा पडून विटा उघड्या पडल्या तरी भिंत बरीच वर्षं तग धरते. पण पाणी एकदा तुळईच्या टोकाशी, भिंतीत दडलेल्या भागाशी मुरायला लागलं की बाहेरून काही दिसत नाही आणि आतून लाकडाचा भुगा होतो. मग विटा सावरायला कुणी उरत नाही. पुण्यातले कितीतरी वाडे असेच गेले.

भिडे वाड्याचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षं चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो मिटला आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात, रात्रीतून, वाडा उतरवला गेला. तोवर वाचवण्याजोगं फार उरलं नव्हतं, हे कबूल. पण हे दुखणं न्यायालयाच्या निकालाआधी कितीतरी पावसाळ्यांचं होतं, आणि तेवढे पावसाळे आपण सगळ्यांनी रस्त्यावरून जाता-येता पाहिले.

त्या शाळेचा विचार करताना माझ्या मनात नेहमी घरमालक येतो. तात्यासाहेब भिड्यांनी जागा दिली. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकत, हे आपण पोरांना पहिल्यापासून शिकवतो आणि शिकवलंच पाहिजे. पण ज्याने आपल्या घराचं दार मुलींच्या शाळेला उघडून दिलं, त्यालाही त्याच पेठेत, त्याच शेजाऱ्यांत राहायचं होतं. पुढे ३ जुलै १८५१ रोजी मुलींची शाळा सुरू झाली तीही बुधवार पेठेतच, अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत, आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत. म्हणजे चार वर्षांत शाळा या पेठेतून त्या पेठेत पसरली ती लोकांनी दिलेल्या खोल्यांतून, सोप्यांतून. आज शाळा काढायची तर आधी जमीन, मग परवानगी, मग इमारत. तेव्हा आधी शिकवणारी होती आणि शिकणाऱ्या होत्या, जागा कुणीतरी दिली.

थोडं विषयांतर वाटेल, पण इथे विश्रामबागवाड्याचं नाव घ्यावंच लागतं. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या या वाड्यात १८२१ पासून संस्कृत पाठशाळा होती, आणि इथेच १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मुलींच्या शिक्षणाच्या कामाबद्दल सरकारने जोतीरावांचा जाहीर सत्कार केला. भिडे वाड्यापासून तो पायी काही मिनिटांवर आहे आणि आजही उभा आहे. तो सतत कुठल्या ना कुठल्या वापरात राहिला, म्हणून त्याची डागडुजी होत गेली, असं माझं मत आहे.

तर माझ्या विनंत्या साध्या आहेत. स्मारकात पुतळा असू दे, चित्रं असू देत. पण जमिनीवर जुन्या वाड्याच्या भिंतींची आखणी वेगळ्या फरशीने करावी, म्हणजे घर केवढं होतं ते मुलींना त्यावरून चालून कळेल. वाडा उतरवताना एखादी तुळई, चार विटा कुणी जपून ठेवल्या असतील तर त्या काचेत न ठेवता हात लावता येईल अशा मांडाव्यात. आणि दर्शनी भिंतीवर तात्यासाहेब भिडे, अण्णासाहेब चिपळूणकर यांची नावं सावित्रीबाई-जोतीरावांच्या शेजारी, लहान अक्षरांत का होईना, असावीत. चिपळूणकरांच्या आणि रास्ता, वेताळ पेठांतल्या शाळांच्या जागा जाणकारांना विचारून नक्की कराव्यात आणि तिथेही पाट्या लावाव्यात.

आणखी एक, पेठांत राहणाऱ्या वाचकांसाठी. तुमचा वाडा विकासकाकडे जाणार असेल आणि माळ्यावर जुनी हजेरीपत्रकं, फीच्या पावत्या, भाडेचिठ्ठ्या असतील, तर त्या रद्दीत घालू नका. कुठल्या घरात कुठली शाळा भरत होती, याचा पुरावा बहुतेक अशाच कागदांत सापडतो. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन एकदा दाखवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे