शेतावरचा एक दिवस

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

संक्रांतीला मामांकडे सोलापूरला चाललाच आहात, तर एक अख्खा दिवस हुरडा खायला शेतावर काढा. त्या दिवशी चादरींची खरेदी नको आणि सिद्धेश्वराची गर्दीही नको. गड्ड्याच्या जत्रेत तुमचे पाय उभे राहून सुजतात, दर्शन जत्रा ओसरल्यावर निवांत घ्या.

नऊपर्यंत पोचा. सकाळी गारवा असतो, पण बारानंतर तिथलं ऊन जानेवारीतही चटकतं आणि मग हुरडा भाजायच्या आगटीजवळ बसवत नाही.

मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती खरी भाकरीची. हुरड्याला गुळभेंडी किंवा सुरती हवी: दाणा गोड आणि चोळला की बोंडातून चटकन सुटणारा. बाबा, कणीस तुम्ही निवडा. दाणा नखाने दाबा. दूध उडालं तर कोवळा, तो भाजताना आक्रसतो. नख रुतलंच नाही तर वेळ गेली. हिरवा, मऊ आणि दूध न येणारा दाणा हवा. कणसं त्याच सकाळी वीतभर दांड्यासकट कापायला सांगा, आदल्या दिवशीच्या कणसांची गोडी उतरून दाणा पिठूळ होतो.

आगटीतल्या गोवऱ्यांचा धूर पूर्ण थांबला, निखाऱ्यावर राख धरली की मगच कणसं खुपसायची. धुरात घातली तर कडवट वास लागतो, जाळावर धरली तर वरून करपून आत कच्ची राहतात. फिरवत राहायचं आणि गरम असतानाच चोळायचं, कारण गार झालं की दाणा सुटत नाही. सुपात नीट पाखडून घ्या, कूस राहिली तर घशात टोचते, आणि बाबांना आधीच ठसका लागतो.

सोबत शेंगाचटणी हवीच. आई, पाव किलो दाणे मंद आचेवर खरपूस भाज, सालं काढ. आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, अर्धा चमचा जिरं, मीठ. मामींचं उखळ आहे, त्यात तेल सुटून गोळा धरेपर्यंत कूट. इथे मिक्सरवर करायची झाली तर थांबत-थांबत फिरव, सलग फिरवलंस तर लगदा होतो. लसूण ओला राहिला तर चटणी लवकर खराब होते.

बाबा, हुरडा मुळातच गोड असतो, त्यावर गूळ आणि रेवड्या नकोत, ताक घ्या. दुपारी कडक भाकरी वाढली तर कवळीवर जोर देऊ नका, गरम शेंगांच्या आमटीत कुस्करून पाच मिनिटं मुरू द्या. मग चिंचेखाली बाजेवर सरळ आडवे व्हा.

येताना कडक भाकऱ्या आणा. कागदात गुंडाळून डब्यात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत दमट होऊन मऊ पडतात.

तुमची,
लेक